घर तपासणीच्या कामात पहिलं पाऊल

थर्मल कॅमेरा, म्हणजे तापमानातला फरक दाखवणारा कॅमेरा, घ्यायची घाई करू नका. चांगली बॅटरी (टॉर्च), ओल मोजणारा मॉइश्चर मीटर, सॉकेटची वायरिंग तपासणारा सॉकेट टेस्टर आणि शिडी एवढ्यावर सुरुवात होते. परवाना लागतो का, ते मात्र आधी विचारून घ्या. मग ओळखीच्यांची चार-पाच घरं फुकट तपासा आणि प्रत्येकाचा पूर्ण अहवाल लिहा. हात तिथेच बसतो.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे डाग दिसला की लगेच निदान ठोकणं. छतावर पिवळसर कडेचा डाग असेल तर मीटर लावा, वर बाथरूम आहे की गच्ची ते बघा. मीटरने कोरडं दाखवलं तरी गळती थांबली असं समजू नका. कदाचित बरेच दिवस पाऊसच झाला नसेल. अहवालात जे दिसलं तेच लिहा, फोटोसकट.

आणि तपासलेल्या घराच्या दुरुस्तीचं काम स्वतः कधीच घेऊ नका.