लाखेचा रंग

चि. मुलीस,

रविवारी तू आलीस. गोपनीय नस्तीतली (फायलीतली) पानं ग्रुपवर फुटली म्हणून कार्यालयानं तुझ्याकडं लेखी खुलासा मागितलाय. चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नाहीस, आणि निघताना चपला घालता घालता विचारलंस, "काका, खुलाशात साहेबांचं नाव लिहू का?" मी "बघू" म्हणालो. ते चुकलं. त्या "बघू"नं मला आठवडाभर स्वस्थ झोपू दिलेलं नाही.

लिही. नाव लिही, तारीख लिही, वेळ लिही. गोपनीय नस्ती तू दालनात नेऊन दिलीस, नोंदवहीत त्यांची सही घेतलीस, आणि त्यांनी तुझ्यासमोर मोबाइलनं दोन पानांचे फोटो काढले. एवढं तू डोळ्यांनी पाहिलंस, एवढंच लिही. ग्रुपवर कुणी टाकले असतील याचा तर्क लिहू नकोस; ते शोधणं चौकशी अधिकाऱ्याचं काम. कागद उघडायचा अधिकार ज्याचा, जबाब त्याचा. हे वाक्य तुला या पत्रात पुन्हा पुन्हा वाचावं लागेल, इलाज नाही.

आता रागावतो. ग्रुपवरच्या त्या पानांचा स्क्रीनशॉट तू मला का दाखवलास? मी निवृत्त माणूस. मला तो कागद पाहायचा काडीचा अधिकार नाही. तू भांबावली होतीस, कबूल. पण साहेबांनी केलं ते हेच, फरक फक्त माणसांच्या संख्येचा. तो पुसू नकोस, कारण तो पुरावा आहे. कुणाला पाठवू नकोस. तो तुझ्याकडे कुणाकडून, किती वाजता आला ते खुलाशात नोंदव. आणि पत्रकार मैत्रिणीला सांगायचा विचार डोक्यातून काढ. लोकांपुढं ते यायला हवं असं वाटत असेल तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. त्याचं कलम 8(2) सांगतं की शासकीय गुपितांच्या कायद्यात काहीही असलं, तरी जनहित वरचढ ठरत असेल तर माहिती देता येते. पण ते ठरवून सही करणारा अधिकारी वेगळा असतो. तू नाहीस.

आमच्या वेळी गोपनीय टपाल दोन पाकिटांत जायचं. आतल्या पाकिटावर 'गोपनीय' शिक्का आणि लाखेची मोहोर. बाहेरचं पाकीट साधं, त्यावर नुसतं नाव आणि हुद्दा. का? नेणाऱ्याला आत काय आहे ते कळूच नये म्हणून. ज्याला काही कळू नये अशी व्यवस्था सरकारनंच केली, त्यालाच उद्या फुटलेल्या बातमीबद्दल जाब विचारायचा, हा कुठला न्याय?

1991 ची गोष्ट. फोर्टमधलं एक कार्यालय. शनिवारी वरिष्ठांनी एक पाकीट घरी नेलं. सोमवारी ते शिपायाच्या हातून परत आलं, मी ते नोंदवून घेतलं. आतल्या पाकिटावर लाख होती, पण आमच्या कार्यालयातली लाख विटकरी, ही भडक लाल. मोहोरेची कडही फिसकटलेली. मी ते पाहिलं. आठवड्याभरात आतला मजकूर बाहेर फुटला. चौकशीत मला एकच प्रश्न आला, "पाकीट सुस्थितीत होतं का?" मी म्हणालो, "लक्ष दिलं नाही." शिपाई निलंबित झाला, पुढं त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या. साहेबांना कुणी काही विचारलं नाही.

तेव्हा माझा नोकरीतला परिवीक्षेचा काळ संपला नव्हता, वडील केईएममध्ये होते, वांद्र्याच्या सरकारी वसाहतीतली खोली नुकती मिळाली होती. ही कारणं खरी होती. आजही खरी वाटतात. पण त्या माणसालाही खोली होती, वडील होते. पुढं मी कक्ष अधिकारी झालो आणि सहीशिवाय एकही गोपनीय नस्ती कुणाच्या हाती दिली नाही, मंत्र्यांच्या खासगी सचिवांनाही नाही. लोक आडमुठा म्हणाले, तीन बदल्या झाल्या. मी बरोबर होतो, आणि एकदाही एखाद्या शिपायाला माझ्यासाठी उत्तर द्यावं लागलं नाही. मात्र तो शिपाई निवृत्तीनंतर ठाण्याच्या पुलावर भेटला, माझी तब्येत विचारली, आणि लाखेचा विषय मी तेव्हाही काढला नाही.

तू म्हणालीस, मोठ्यांचं कुठं काय होतं? होत नाही, आणि त्याला कारण आहे. 1923 च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात कलम 5 नुसतं गुपित फोडणाऱ्याला धरत नाही, वाजवी काळजी न घेणाऱ्यालाही धरतं. शिक्षा 3 वर्षांपर्यंत. पण कलम 13 प्रमाणे सरकारनं अधिकार दिलेली तक्रार असल्याशिवाय न्यायालय दखलच घेत नाही. म्हणजे तक्रार करायची की नाही हे वरच ठरतं, आणि वरून पाहिलं की खालचा माणूस सोयीचा दिसतो. अमेरिकेतही हेच. जनरल पेट्रेयस यांनी गोपनीय नोंदींच्या वह्या आपल्या चरित्रलेखिकेला दिल्या. 2015 मध्ये तुरुंगाऐवजी 2 वर्षं देखरेख (परिवीक्षा) आणि 1 लाख डॉलर दंडावर सुटका. एका कंत्राटी भाषांतरकार तरुणीनं एक गोपनीय अहवाल बातम्यांच्या संकेतस्थळाला पाठवला. 2018 मध्ये 5 वर्षं 3 महिने कैद. तिनं चूक केलीच. पण तराजू एक हवा की नको?

उलटंही घडलेलं आहे. जानेवारी 1985 मध्ये दिल्लीत कुमार नारायण हेरगिरी प्रकरण उघडकीला आलं, त्यात पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्या कार्यालयातली माणसं सापडली. त्यांच्यावर स्वतःवर आरोप नव्हता, तरी त्यांनी राजीनामा दिला. खटल्याचा निकाल लागायला 2002 उजाडलं. राजीनाम्याला तेवढा वेळ लागला नाही. तेच अलेक्झांडर पुढं 1993 पासून मलबार हिलच्या राजभवनात आपले राज्यपाल होते. कागद ज्याच्या कार्यालयातला, जबाब त्याचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तुझी मुदत सोमवारची. "नस्ती माझ्या ताब्यात होती" एवढंच लिही म्हणून कुणी तोंडी सांगेल. त्यांना म्हण, लेखी आदेश द्या. खुलाशाच्या दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेव. ज्या लिपिकानं तुला पाकीट आणून दिलं त्याचं नाव फक्त 'आणून दिलं' एवढ्यापुरतंच येऊ दे, त्याच्यावर काही ढकलू नकोस. हे मी विनवून सांगतोय.

मसुदा मला दाखवायला आणू नकोस, त्यात नस्तीचा विषय येणारच. मंगळवारी नुसती ये. काकूनं तुला जेवायलाच थांबायला सांगितलंय.

तुझा
काका