शाळेसमोरचा रस्ता ड्रोनने तपासावा का?

प्रश्न : आमच्या मुलांची शाळा एका दुपदरी रस्त्यावर आहे. शाळा सुटताना फाटकासमोर व्हॅन, रिक्षा आणि पालकांच्या दुचाकींची एकच दाटी होते. आम्ही गतिरोधक आणि झेब्रा पट्टे मागितले, तेव्हा ‘येथे अपघाताची नोंद नाही’ असे उत्तर मिळाले. ड्रोनने चित्रीकरण करून घेतल्यास उपयोग होईल काय?
— पालक-शिक्षक संघाचे एक सदस्य, नाशिक

उत्तर : होईल, मात्र चित्रीकरणातून काय मोजायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे. पोलिसांच्या दप्तरी घडलेला अपघात येतो, थोडक्यात टळलेला येत नाही. एकाच शाळेसमोर गंभीर अपघात सुदैवाने क्वचितच होतात. त्यामुळे केवळ त्यांच्या संख्येवर विसंबायचे, तर रस्ता धोक्याचा आहे हे सिद्ध होण्यासाठी एखाद्या मुलाला इजा होण्याची वाट पाहावी लागेल, आणि आपल्याला मिळालेल्या उत्तराचा सरळ अर्थ दुर्दैवाने तोच निघतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी काही दशकांपूर्वीच यावर वेगळी वाट काढली. रस्त्याकडेला प्रशिक्षित निरीक्षक उभे करून, होता होता राहिलेल्या धडकांची त्यांनी पद्धतशीर मोजदाद केली. हेच काम आता ड्रोनच्या चित्रीकरणावरून करता येते.

यातले मुख्य माप समजायला सोपे आहे. उभ्या व्हॅनच्या मागून एक मूल रस्त्यावर येते, एक जागा ओलांडून पुढे जाते आणि लगेच त्याच जागेवरून दुचाकी निघून जाते. मुलाने जागा सोडल्यापासून दुचाकी तेथे पोहोचेपर्यंत गेलेला वेळ मोजायचा. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात हे अंतर ३६ चित्रांचे भरले, तर मूल १.२ सेकंदाने वाचले असे म्हणता येते. साधारणपणे दीड सेकंदाहून कमी अंतर गंभीर मानले जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते आणि चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढा वेळ सहज जातो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे कारण कळते.

जमिनीवरून पाहणाऱ्याला ही घटना बहुधा दिसतच नाही, कारण जी व्हॅन मुलाला झाकते तीच निरीक्षकालाही आडवी येते. थेट वरून पाहताना हा अडथळा राहत नाही. जर्मनीतील आखेन शहरातील चार चौकांवर अशाच चित्रीकरणातून ११,५०० हून अधिक पादचारी, सायकलस्वार व वाहने यांचे मार्ग आखले गेले आणि त्यांतील स्थानाची चूक बहुतेक वेळा १० सेंटिमीटरहून कमी राहिली. आपल्याकडे मात्र तेथील सॉफ्टवेअर जसेच्या तसे वापरू नये. सुमारे ८० मीटर उंचीवरून नेहमीच्या फोर-के कॅमेऱ्यात १२० मीटर लांबीचा रस्ता मावतो, पण पहिलीतल्या मुलाचे खांदे जेमतेम दहा ठिपक्यांचे दिसतात. आईचा हात धरलेले मूल आणि आई यांची एकच आकृती होते, स्कूटरवर पुढे उभे असलेले मूल तर वेगळे मोजलेच जात नाही, आणि रस्त्यावर गुलमोहराची सावली असेल तर तिच्याखालचे सारे अदृश्य होते. म्हणून संगणकाने दाखवलेली प्रत्येक गंभीर घटना माणसाने पुन्हा पाहणे आवश्यक आहे.

महापालिकेला तासभराची चित्रफीत देऊ नका. ती कोणी पाहणार नाही. टळलेल्या धडका कोणत्या ठिकाणी आणि किती वाजता झाल्या हे दाखवणारा एकपानी नकाशा द्या. बहुतेक खुणा फाटकापेक्षा व्हॅन उभ्या राहतात त्या कडेला आढळल्या, तर गतिरोधकाआधी व्हॅनचा थांबा हलवण्याची मागणी अधिक योग्य ठरेल. बदल झाल्यानंतर त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा चित्रीकरण करावे.

प्रश्न : आमच्या शाळेत असा अभ्यास करण्याचा प्रस्ताव आला आहे, परंतु मुलांचे वरून चित्रीकरण होणार म्हटल्यावर काही पालक नाराज आहेत. परवानगी कोणाची लागते?
— एक मुख्याध्यापिका, मुंबई उपनगर

उत्तर : पालकांची नाराजी रास्त आहे आणि तिला आधी उत्तर द्यावे. थेट वरून चेहरे सहसा दिसत नाहीत. डोके आणि दप्तर दिसते. तरीही कोणते मूल कोणत्या इमारतीत शिरते हे कळू शकते. त्यामुळे मार्गांच्या रेषा काढून झाल्यावर मूळ चित्रीकरण नष्ट करण्याची लेखी अट घालावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि बालकांचा माग ठेवण्यावर निर्बंध आहेत, म्हणून पालकांची संमतीही घ्यावी.

उड्डाणासाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपला परिसर हिरव्या (उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही), पिवळ्या (हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते) की लाल (केंद्र सरकारची परवानगी लागते) क्षेत्रात आहे ते पाहावे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येते, मात्र विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर आहे. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, त्यामुळे ठरलेल्या दिवसाआधी पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी. ड्रोन मुलांच्या डोक्यावर न ठेवता रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या मोकळ्या जागेवर स्थिर ठेवावा, चित्र थोडे तिरके आले तरी चालेल.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा महामार्गालगत आहे. ड्रोन परवडणार नाही. दुसरा उपाय आहे का?
— एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आहे. आपल्याकडे गर्दीपेक्षा वाहनांचा वेग हा प्रश्न असणार आणि तो मोजण्यासाठी ड्रोनची गरज नाही. रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा कराव्यात आणि शाळेच्या गच्चीवरून मोबाइलने चित्रीकरण करावे. खुणांमधील अंतर ३ सेकंदांत कापणारे वाहन ताशी ६० किलोमीटरने जात असते, साडेचार सेकंदांत कापणारे ताशी ४० ने आणि ६ सेकंदांत कापणारे ताशी ३० ने. शाळा भरताना व सुटताना किमान शंभर वाहनांची अशी नोंद करून ती ग्रामपंचायतीच्या ठरावासह राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे पाठवावी. खुणा करण्याचे काम मोठ्यांनीच करावे, विद्यार्थ्यांना रस्त्यावर पाठवू नये.