तिचे गुपित तिच्याच हाती

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. दत्तक गेलेली तू जन्मदात्या आईचा शोध घेते आहेस; थुंकीच्या डीएनए चाचणीत तुझ्याशी ८६० सेंटिमॉर्गन (दोघांचा डीएनए किती जुळतो ते मोजायचे एकक) जुळणारा एक मनुष्य निघाला, तर त्याला आजच सगळे लिहू का, असे तू विचारतेस. लिहू नकोस. तुझ्या आईचे गुपित तिच्याखेरीज कोणाच्याही हाती देऊ नकोस.

जन्मदात्यांशी साधारण ३,४०० सेंटिमॉर्गन जुळतात. ८५० च्या आसपासचा माणूस मावसभाऊ असेल, चुलतभाऊ असेल, आजीचा भाऊ किंवा आईचा सावत्र भाऊही असेल; तो आईकडचा की वडिलांकडचा, हे नुसता आकडा सांगत नाही. त्यातून आपल्या कोकणात त्याच चार घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या, त्यामुळे लांबचे नातेही आकड्यात जवळचे दिसते. या कंपन्यांकडे भारतीयांचे नमुने थोडे, म्हणून इतके जवळचे कोणी सापडणे भाग्याचे, हे मला कळते. पण घाई होते ती नेमकी इथेच.

मीही तुझ्यासारखाच दत्तक गेलेला; मलाही असाच मामेभाऊ सापडला होता. मी त्याला चार पाने लिहिली: जन्मसाल, अनाथाश्रम, सगळे. तो मुंबईचा चाकरमानी. चतुर्थीला गावी गेला आणि माजघरात, सुनांदेखत, त्याने ते वाचून दाखवले. पुढच्या मे महिन्यात मी देवगडजवळच्या त्या वाडीत गेलो, तेव्हा माझी जन्मदाती खळ्यात कोकमाच्या सालींना रस लावून पुन्हा उन्हात पसरत होती. मागे तिचा मुलगा उभा होता. तिने मला अहोजाहो करून सावलीत बसायला सांगितले, पाणी दिले, आणि लाल झालेले हात पदराला पुसत आत निघून गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

माझे सर्वस्वी चुकले, असे मी अजूनही मानत नाही. बावन्नाव्या वर्षी माणसाने आणखी किती थांबायचे? पण गुपित माझे एकट्याचे नव्हते, तिचेही होते, आणि मी ते तिला न विचारता वाटून टाकले.

तू सज्ञान आहेस. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे मूळ कुटुंबाच्या शोधासाठी तुला स्वतः ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, अर्ज करता येतो, आणि मूल सोपवताना आईवडिलांनी गुप्तता मागितली असेल तर त्यांची संमती लागते. ही अट तुला जाचक वाटते. मलाही वाटत असे. आता मात्र, माझ्या चार पानांपेक्षा ती अट शहाणी होती, एवढे मी कबूल करतो. म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलीस तरी सांगतो: तिचे गुपित तिच्याखेरीज कोणाच्याही हाती देऊ नकोस.

त्या माणसाला लिहायचेच असेल तर दोन ओळी लिही: आपले नमुने जुळले आहेत, मी कुळाची माहिती जमवते आहे, आपले मूळ गाव कोणते? दत्तक हा शब्द नको, जन्मतारीख नको, रुग्णालय नको. मसुदा आधी मला पाठव. मी त्यातले निम्मे खोडीन आणि तू रागावशील, ते चालेल.