वडिलांना पार्किन्सन्समुळे माउस धरता येत नाही. इंग्रजी जेमतेम येतं, लिहायचं सगळं मराठीत असतं. घरचा कॉम्प्युटर आवाजावर चालवायची सोय कशी करावी?

इंदूरला आमच्या घरी हेच काम मी आईसाठी केलंय, म्हणून अनुभवावरून लिहिते. आई निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं आणि वर्षभरात माउस सुटला. बाण फाइलपर्यंत न्यायचा, तिथे थांबवायचा आणि दोनदा दाबायचं, यातलं 'थांबवायचं' तेवढं जमेना. बडोद्याच्या मावशीला ती दर आठवड्याला ईमेल करायची, तेही बंद पडलं. आता ती पुन्हा लिहिते, बोलून.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कॉम्प्युटर चालवणं वेगळं आणि मराठी लिहिणं वेगळं. दोन्हींसाठी दोन वेगळी साधनं लागतात. सुरुवातीचे तीन आठवडे मी एकाच साधनात दोन्ही बसवायच्या मागे लागले होते, आणि त्यात आई इतकी दमली की 'राहू दे गं' म्हणायला लागली. तुमच्या बाबांवर ती वेळ येऊ देऊ नका.

चालवण्याचं आधी सांगते. तुमच्याकडे विंडोज ११ असेल तर विकत काहीच घ्यायला नको. त्यात 'व्हॉइस ॲक्सेस' नावाची सोय २०२२ च्या मोठ्या अपडेटपासून आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात स्पीच, तिथे ती चालू करायची. पहिल्यांदा ती भाषेची फाइल उतरवून घेते. त्यानंतर ऐकण्यासाठी इंटरनेट लागत नाही. मराठी किंवा हिंदीतल्या आज्ञा तिला कळत नाहीत. भाषा निवडताना मात्र 'इंग्लिश, इंडिया' घ्या. आम्ही आधी अमेरिकन ठेवली होती आणि आईचा साधा 'ओपन'सुद्धा चुकत होता. भारतीय इंग्रजी निवडल्यावर फरक लगेच जाणवला. तिथेच खाली लॉग-इन केल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय आहे, तोही लावून टाका. नाहीतर रोज सकाळी कोणीतरी येऊन चालू करून देण्याची वाट पाहावी लागते, आणि मग या सगळ्या खटाटोपाला अर्थच उरत नाही.

विंडोज १० असेल तर त्यात जुनं 'स्पीच रेकग्निशन' आहे, पण मी त्यात वेळ घालवणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन ११ वर जाऊ शकत असेल तर आधी ते करून घ्या.

आता माइक. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आमचं निम्मं काम माइकपाशीच अडलं होतं. आमचा डेस्कटॉप सुटे भाग जुळवून घेतलेला. मी मोबाइलचा इअरफोन आणून पुढच्या हिरव्या भोकात लावला. आवाज छान ऐकू येई, पण बोललेलं काही पोचेना. दोन दिवस मी सेटिंग्ज उलटसुलट केल्या. दोष सेटिंगमध्ये नव्हताच. मोबाइलच्या इअरफोनची पिन जवळून बघा, तिच्यावर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे आवाज आणि माइक एकाच पिनमधून जातात. अशा डेस्कटॉपला हिरवं भोक ऐकण्याचं आणि गुलाबी माइकचं, अशी दोन वेगळी भोकं असतात. त्यामुळे माइक कुठे जोडलाच जात नाही. एका पिनच्या दोन करणारी छोटी वायर मिळते, पण मी सरळ यूएसबी हेडसेट घ्या असं सांगेन. ब्लूटूथचा मोह टाळा. त्याचा माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो, शिवाय चार्जिंगची आणखी एक काळजी मागे लागते.

पार्किन्सन्समध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण या आजारात हाताबरोबर आवाजही बारीक होत जातो. बोलणाऱ्याला मात्र आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटतं. लॅपटॉप असला तरी त्यातला माइक हातभर लांब असतो, तिथवर असा बारीक आवाज पोचत नाही. हेडसेटची काडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर ठेवली, अगदी तोंडासमोर नाही, नाहीतर श्वास फुरफुरतो. मग सिस्टिम, साउंड, इनपुट इथे जाऊन माइकची चाचणी घेतली. तिथे टक्के दिसतात, त्यावरून इनपुट व्हॉल्यूम वाढवला. ही चाचणी तुम्ही बोलून घेऊ नका, बाबांना बोलायला लावा. वेळही बघून ठेवा. आईचा आवाज सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने सगळ्यात स्वच्छ असतो, म्हणून तिचं लिहायचं काम तेव्हाच. आणि स्पीच थेरपिस्टकडे जात नसाल तर डॉक्टरांना जरूर विचारा. मोठ्याने बोलण्याचा सराव आईला फोनवर बोलताना उपयोगी पडतोच, इथेही पडला.

आज्ञा थोड्याच शिकवा. मी आधी पन्नासेक लिहून दिल्या होत्या, ती माझी चूक होती. खरं काम एका आज्ञेवर चालतं: 'शो नंबर्स'. ती म्हटली की पडद्यावर जे जे दाबता येतं त्या प्रत्येकावर आकडा उमटतो; मग 'क्लिक सेव्हन' म्हणायचं. इंग्रजी वाचता आलं नाही तरी चालतं, एक ते शंभर इंग्रजी आकडे आले की पुरे, आणि ते आपल्याकडे सगळ्यांनाच येतात. फाइलचं नाव मराठीत असेल तर इंग्रजी ऐकणाऱ्या व्हॉइस ॲक्सेसला ते कळत नाही, तिथेही आकडाच कामी येतो. डेस्कटॉपवरच्या फोल्डरना आम्ही मुद्दाम बोलायला सोपी इंग्रजी नावं दिली. आईचे लेख 'मँगो'त आहेत, बँकेचे कागद 'रोज'मध्ये. 'डबल क्लिक मँगो' म्हटलं की फोल्डर उघडतं. शब्द मात्र तोडून तोडून म्हणू नयेत. आई वर्गात शुद्धलेखन सांगावं तसं 'स्क्रोल… डाउन' म्हणायची आणि मशीन गोंधळायचं. एका दमात म्हटलं की बरोबर ऐकतं.

दुसरी अडचण घरातल्या आवाजांची. रामबागेत आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी येते, भोंग्यावर गाणं लावून. नेमकी तीच आईची लिहायची वेळ. गाडी खिडकीखाली थांबली की पडद्यावर वाटेल ते इंग्रजी शब्द उमटू लागत, कारण मूळ सेटिंगमध्ये जे आज्ञा वाटत नाही ते टाइप होतं. यावर उपाय आहे. 'कमांड्स मोड' म्हटलं की फक्त आज्ञा ऐकल्या जातात, टाइप काही होत नाही. आईचं मशीन आता कायम त्याच मोडमध्ये असतं. कोणी भेटायला आलं की 'व्हॉइस ॲक्सेस स्लीप', परत हवं तेव्हा 'व्हॉइस ॲक्सेस वेक अप'. शेजारच्या खोलीतला टीव्ही मात्र बंदच करावा लागतो. कूलरच्या घरघरीपेक्षा माणसांच्या बोलण्याचा त्रास जास्त होतो.

आता मराठी लिहिणं. त्यासाठी आम्ही क्रोममध्ये गूगल डॉक्स वापरतो. टूल्समध्ये 'व्हॉइस टायपिंग' आहे, भाषेच्या यादीत मराठी निवडायचं. इथे इंटरनेट लागतं. माइक बोलून सुरू करायचा तर व्हॉइस ॲक्सेसला 'प्रेस कंट्रोल शिफ्ट एस' म्हणायचं आणि लगेच त्याला झोपवायचं, नाहीतर दोघं एकाच वेळी ऐकत बसतात. तोवर डॉक्सचा माइक सुरू झालेला असल्यामुळे आईच्या प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर देवनागरीत 'व्हॉइस ॲक्सेस स्लीप' उमटलेलं असतं. ते मी नंतर पुसते. थोडा वेळ गप्प राहिलं तर डॉक्सचा माइक आपोआप बंद होतो, तेव्हा 'व्हॉइस ॲक्सेस वेक अप' म्हणून पुन्हा तीच दोन वाक्यं.

ओळख चांगली आहे, आईच्या बारीक आवाजालासुद्धा. पण मराठीत पूर्णविराम किंवा स्वल्पविराम बोलून देता येत नाही, आणि 'केलं'चं कधी कधी 'केला' होतं. विरामचिन्हं हाताने द्यायची असतील तर विंडोजमधली 'फिल्टर कीज' चालू करा. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ती विचारते. हात थरथरून एकच कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली तर ती जास्तीची अक्षरं गाळते. आमच्याकडे मात्र पूर्णविराम मी संध्याकाळी देते. आईला मजकूर वाचून दाखवते आणि ती 'इथे थांब' म्हणाली की तिथे टिंब. कितीही उपाय मिळाले तरी हे मला बदलायचं नाही. बाबांना डॉक्समधली ही कसरत जड गेली तर फोनवर तेच डॉक उघडून कीबोर्डच्या माइकवर मराठीत बोलू द्या, मजकूर कॉम्प्युटरवर आपोआप दिसतो.

बँकेचं काम आणि पासवर्ड आवाजावर टाकू नका. लॉग-इनसाठी बोटाचा ठसा किंवा पिन ठेवा. पैशाचं काम कोणी घरचं माणूस शेजारी असताना.

शेवटचं सांगायचं ते मला सगळ्यात उशिरा कळलं. आईला कोणासमोर मशीनशी बोलायचा संकोच वाटत होता. मी शेजारी बसून चुका सुधारायचे आणि तिचा आवाज आणखी आत जायचा. एक दिवस मला रजा मिळाली नाही, ती एकटीच होती, आणि संध्याकाळी मावशीला अर्धं पान लिहून झालं होतं. पहिले चार-पाच दिवस बाबांजवळ बसा, मग खोलीतून बाहेर पडा. पडद्याशेजारी जाड अक्षरात, देवनागरीत, आज्ञांचा कागद चिकटवा. त्यात 'स्क्रॅच दॅट' ही शेवटचं टाइप झालेलं पुसायची आज्ञा घालायची गरज नाही, कमांड्स मोडमध्ये पुसण्यासारखं काही टाइपच होत नाही. 'शो नंबर्स', 'क्लिक', 'स्क्रोल डाउन', झोपवणं-उठवणं आणि 'प्रेस कंट्रोल शिफ्ट एस' एवढं लिहा. बाकीचं त्यांना जसं लागेल तसं ते स्वतः विचारतील, तेव्हा वाढवा. तुमच्याकडे विंडोज कोणतं आणि मशीनला यूएसबीचं एखादं भोक मोकळं आहे का तेवढं खाली कळवा, हेडसेटबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.