वाचकांचे प्रश्न: हेडलाइटचा बल्ब बदलण्याआधी

प्रश्न: गाडी जुनी आहे, एच-४ प्रकारचे ६०/५५ वॉटचे (अप्पर ६०, डिपर ५५) बल्ब आहेत. रात्री डिपरवर समोरचं धड दिसत नाही. १००/९० वॉटचे बल्ब टाकले तर भागेल का? आणि समोरून येणाऱ्याला त्रास होईल का?

उत्तर: भागणार नाही आणि त्रास मात्र होईल. जुन्या गाडीत आधी एकच गोष्ट तपासा: आहे त्या ५५ वॉटच्या बल्बपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचतंय का?

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो (साधारण ३.४ व्या घाताने). बल्बच्या टोकाशी १३.२ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज नऊ टक्के कमी झालं, पण उजेड पाव हिश्शाहून जास्त गेला. शिवाय तो पिवळट, मरगळलेला दिसतो. 'बल्बच मंद आहे' ही समजूत तिथूनच येते.

मोजायचं असं. इंजिन चालू, डिपर चालू. मल्टीमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. मग बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच कपलरच्या (बल्बला जोडलेल्या प्लगच्या) मागच्या बाजूने टोचण्या आत सरकवून तिथे बघा. कपलर काढून मोजलंत तर प्रवाहच वाहत नसतो, त्यामुळे आकडा पूर्ण दिसतो आणि फसगत होते. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक असेल तर वायरिंग ठीक आहे. एक-दीड व्होल्ट असेल तर तो कुठे जातोय ते शोधा. बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मोजा, तिथेच ०.३-०.४ व्होल्ट दिसले तर बॉडीला लावलेला अर्थिंगचा स्क्रू गंजलाय. तो काढून पत्रा खरवडून चकाकता करा आणि पुन्हा घट्ट बसवा. पुष्कळ गाड्यांचं दुखणं एवढ्यावर बरं होतं.

अर्थिंग चांगलं असेल तर तूट पॉझिटिव्हच्या बाजूला. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही बल्बचा मिळून नऊएक अँपिअरचा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. यावर उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची नवी तार, हातभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिलेचं ३० क्रमांकाचं टोक. ८७ क्रमांकाचं टोक बल्बकडे. बल्बला आधी येणारी तार आता ८५-८६ च्या कॉइलला, म्हणजे स्विचमधून जेमतेम रिले ओढण्यापुरता प्रवाह जाईल. अप्परला वेगळा रिले, डिपरला वेगळा. मात्र नव्या गाड्यांत हेडलाइटचा पुरवठा संगणकाकडून तुटक-तुटक पल्सने येत असेल तर हा रिले लावू नका. तो तडतडत राहील आणि डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा पेटेल.

आता १००/९० वॉट. डिपरचा प्रवाह ५५ वॉटच्या सुमारे १.६ पट, म्हणून तारेतली व्होल्टेजची तूटही जवळपास तेवढ्याच पटीने वाढणार, आणि तारेत, जोडात होणारी उष्णता सुमारे २.७ पट. विकत घेतलेल्या जादा उजेडाचा बराच भाग वाटेतच संपतो. प्लास्टिकचा होल्डर तपकिरी होऊन ठिसूळ पडतो, कपलरच्या पिना सैल होतात, रिफ्लेक्टरचा चकाकता थर काळवंडतो. एकदा तो गेला की कोणताही बल्ब लावा, उजेड नाहीच.

आणि मूळ मुद्दा: डिपरचा पल्ला वॉटने वाढत नाही. डिपरच्या झोताला वरून एक कट-ऑफ रेषा असते, तिच्यावर उजेड जवळपास नसतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आणि झोत एक टक्का खाली झुकवलेला असेल, तर ती रेषा ६५ मीटरवर जमिनीला टेकते. त्यापलीकडे थेट उजेड पोचतो तो फक्त कडेच्या बाजूला, जिथे रेषा वर चढलेली असते. बल्ब तिप्पट तेजस्वी केला तरी रेषा तिथेच. वाढतो तो पुढच्या पंधरा-वीस मीटरमधला उजेड, आणि तो उलट नडतो: डोळे त्या लख्ख पट्ट्याला सरावतात आणि लांबच्या अंधारातलं माणूस, जनावर उशिरा दिसतं. हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दीड सेकंद भान यायला धरलं तर ३३ मीटर, कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून थांबायला आणखी सुमारे ३५. डिपरचा पल्ला इथेच संपला. लांबचं बघायचं असेल तर रस्ता मोकळा असताना अप्पर वापरायचा, नाहीतर वेग कमी करायचा.

काच पिवळी, धुरकट झाली असेल तर तीही आधी निस्तरा. पॉलिकार्बोनेटची (म्हणजे प्लास्टिकची) काच पाणी लावत ८०० किंवा १०००, मग २०००, मग ३००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून पॉलिश करा आणि वर अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप द्या. लेप टाळला तर चकाकी काही महिन्यांचीच. धुरकट काच उजेड खाते एवढंच नाही, तो सगळीकडे विखुरते. अशा काचेमागे तेजस्वी बल्ब म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत धूळफेकच.

प्रश्न: रिफ्लेक्टरवाल्या हेडलाइटमध्ये एच-४ चे एलईडी बल्ब लावले. मला रस्ता लख्ख दिसतो, पण डिपरवर असूनही समोरचे अप्पर-डिप्पर मारतात. बल्ब थोडे खाली झुकवले तर चालेल?

उत्तर: झुकवून दोष जाणार नाही, कारण तो झोताच्या दिशेत नाही, आकारात आहे.

एच-४ च्या काचेत दोन फिलामेंट असतात. अप्परचं रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूजवळ, डिपरचं त्याच्या किंचित पुढे, आणि डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी. ही वाटी खालच्या दिशेचा उजेड अडवते, म्हणून डिपरवर रिफ्लेक्टरचा वरचा भागच काम करतो आणि झोत खाली पडतो. कट-ऑफची रेषा या वाटीच्या कडेचीच सावली आहे; कडेच्या बाजूला रेषा १५ अंशांनी वर चढते तीही वाटीची एक बाजू तशी कापलेली असते म्हणून.

एलईडीत काडीसारखं फिलामेंट नसतं. एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चपट्या चिप असतात, पट्टीला स्वतःची जाडी असते आणि वाटी बहुधा नावापुरती. रिफ्लेक्टरचं केंद्रांतर (केंद्रबिंदूपर्यंतचं अंतर) २५ मिलिमीटर धरलं, तर उजेडाचा उगम एक मिलिमीटर सरकला की झोत साधारण २.३ अंशांनी हलतो. ५० मीटरवर हा फरक दोन मीटरचा! तिथे डिपरची कडा जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर असायला हवी. उजेड दोन मीटर वर गेला की तो थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत आणि त्याच्याही वर. दिवा खाली झुकवलात तर विखुरलेला उजेड थोडाच खाली येईल, कामाचा पल्ला मात्र निम्म्यावर येईल.

बल्ब ठेवायचाच असेल तर आधी चिपची दिशा बघा: दोन्ही चिप आडव्या, डावी-उजवीकडे तोंड करून हव्यात, वर-खाली नकोत. बल्बची कॉलर (बैठकीची कडी) सैल करून फिरवता येते. मग १० मीटरवरच्या भिंतीवर एका बाजूला मूळ हॅलोजन, दुसऱ्या बाजूला एलईडी लावून झोत बघा. रेषा तितकीच कापल्यासारखी, वरचा भाग तितकाच अंधारा आणि कडेचा चढ जागेवर, असं तिन्ही असेल तर पुढचा विचार. बहुतेक वेळा वर उजेडाचे ओघळ दिसतात. तसं दिसलं की हॅलोजन परत लावा. प्रोजेक्टरच्या (पुढे भिंग असलेल्या) दिव्यात आत पडदा असतो, म्हणून तिथे गळती कमी असते. पण मान्यता हा वेगळाच विषय. हेडलाइटला मान्यता ठरावीक प्रकारच्या बल्बसह मिळालेली असते, त्यामुळे हॅलोजनच्या जागी एलईडी टाकणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. काही देशांत ठरावीक गाड्यांसाठी ठरावीक एलईडी बल्बनाच परवानगी आहे.

झेनॉनचा (फिलामेंटऐवजी वायूतल्या विद्युतझोताने पेटणाऱ्या बल्बचा) किट याहून वाईट. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनी २००० ल्युमेनहून (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेडाच्या डिपरला आपोआप उंची साधणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सांगितले, ते उगाच नव्हे.

प्रश्न: पुड्यावर '१५० टक्के जादा उजेड' लिहिलेले ५५ वॉटचेच बल्ब मिळतात. वॉट तेवढेच तर जादा कुठून येतो?

उत्तर: एकूण उजेड फारसा वाढत नाही. नियमाने एच-७ ला (एकच फिलामेंट असलेल्या ५५ वॉटच्या बल्बला) १३.२ व्होल्टवर १५०० ल्युमेन, फार तर दहा टक्के कमी-जास्त, एवढीच मुभा आहे. या बल्बचं फिलामेंट जास्त तापवलेलं, आखूड आणि नेमक्या जागी बसवलेलं असतं, त्यामुळे रस्त्यावरच्या मोजक्या बिंदूंवर उजेड एकवटतो. टक्के त्या बिंदूंचे असतात, तेही नियमातल्या किमान पातळीशी तुलना करून. फरक जाणवतो, कट-ऑफ बिघडत नाही. चांगल्या दिव्यात हाच सुधारणेचा सरळ मार्ग. किंमत आयुष्याने चुकवावी लागते: बल्ब लवकर जातो, आणि व्होल्टेज पाच टक्के जास्त राहिलं तर हॅलोजनचं आयुष्य निम्म्यावर येतं. जोडीने बदला, काचेला बोट लावू नका. निळ्या काचेचे बल्ब घेऊ नका. तो रंग उजेड गाळून मिळवलेला असतो. केल्विनचा आकडा रंगाचा आहे, तेजाचा नाही.

प्रश्न: झोताची उंची घरी तपासता येते का?

उत्तर: येते. सपाट जमीन, चाकांत योग्य हवा, चालकाच्या जागी एक माणूस, गाडीच्या आतली झोताची उंची बदलायची चकती शून्यावर. गाडी भिंतीला भिडवून दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंच्या खुणा भिंतीवर करा. सरळ १० मीटर मागे घ्या. हेडलाइटवर किंवा बोनेटखाली '१.०%' किंवा '१.३%' असा आकडा असतो. आडवी रेषा खुणेच्या अनुक्रमे १० किंवा १३ सेंटीमीटर खाली हवी. जागा पाचच मीटर असेल तर निम्मं धरा. रेषा जिथून वर चढते तो कोपरा दिव्याच्या उभ्या खुणेवर हवा. फिरवायचे स्क्रू दिव्याच्या मागे असतात. एच-४ मध्ये फक्त डिपर साधा, अप्पर त्याच्यामागे येतो.

मागच्या सीटवर तिघं आणि डिक्की भरलेली असली की गाडीचं नाक वर उठतं. चकती १ ते ३ कडे फिरवायची ती तेव्हा. ती असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

प्रश्न: मोटरसायकलला ३५/३५ वॉटचा एचएस-१ आहे. त्यात कारचा ६०/५५ चा बल्ब बसेल?

उत्तर: बैठकीचे कान वेगळे आहेत, ते घासून बसवतात. बसवू नका. घासलेला बल्ब तिरपा बसतो, झोत बिघडतो आणि गाडीची वीजनिर्मिती जेमतेम असेल तर बॅटरी उतरते.

प्रश्न: वडील साठीच्या पुढचे आहेत. समोरच्या दिव्यांनी त्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. पिवळा चष्मा घ्यावा का?

उत्तर: नको. तो चष्मा समोरच्या दिव्याबरोबर रस्त्याचाही उजेड कापतो. वयाबरोबर डोळ्याच्या भिंगात उजेड जास्त विखुरतो आणि दृष्टीवर पांढुरका पडदा येतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर फारच. आधी नेत्रतपासणी करून घ्या.

गाडी चालवताना नजर समोरच्या दिव्यावरून काढून आपल्या बाजूच्या कडेच्या पट्ट्यावर न्यायची. हा पडदा कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होतो: दिव्यापासून नजर एक अंशाऐवजी दोन अंश दूर असली की तो पाव होतो. वेग आधीच कमी करा, आणि उत्तरादाखल आपला अप्पर लावू नका, नाहीतर दोन्ही चालक आंधळे. मागच्या गाडीसाठी आरशाखालची कळ खेचा. पुढची काच आतून पुसा. प्लास्टिकच्या वाफांचा तेलकट थर तिथे साचतो, दिवसा दिसत नाही आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती तेजोवलय उभं करतो. साध्या पाण्याने तो फक्त पसरतो. काच साफ करायचं द्रावण आणि दोन कोरडे कपडे लागतात, एक पुसायला, दुसरा सुकवायला.