शुक्राणूंचा काउंट ८ मिलियन आला म्हणून थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी)? आधी रिपोर्ट नीट वाचा

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी आणतो. वय ३१, दीड वर्षापासून प्रयत्न, पत्नी २८ आणि तिच्या तपासण्या नॉर्मल. वीर्यतपासणी एकदाच: व्हॉल्यूम ०.९ मिली, काउंट ८ मिलियन प्रति मिली, पुढे सरकणारे शुक्राणू २५ टक्के, पस सेल्स (पू झाल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी) १०-१२. सोनोग्राफीत डाव्या बाजूला ग्रेड १ व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात आयव्हीएफ करा, नातेवाइकांनी ४० हजारांचा 'कोर्स' देणारा सेक्सॉलॉजिस्ट सुचवलाय, आणि आता ॲपने दिवस राहण्यासाठी सांगितलेल्या नेमक्या 'त्या' दिवशी ताठरता टिकत नाही. या सगळ्यात एक गोष्ट कुठेच दिसत नाही: तुम्हाला कुणी हात लावून तपासलेलं नाही. पुरुषाच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. कागद फिरतो, माणूस टेबलावर येतच नाही.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: व्हॉल्यूम १.४ मिली, काउंट १६ मिलियन (म्हणजे १ कोटी ६० लाख) प्रति मिली, एका वेळच्या एकूण वीर्यात ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. हो, चारच. 'नॉर्मल फॉर्म्स ५ टक्के' वाचून लोक हाय खातात, पण ते ठीक आहे. हे आकडे पास-नापासाचे नाहीत. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांतल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची ही सीमा आहे. खाली असलात तर शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये मला खटकतोय तो काउंट नाही, व्हॉल्यूम. ०.९ गुणिले ८ म्हणजे एकूण ७.२ मिलियन. पण ०.९ मिली वीर्य आलं का, की डबीत ०.९ मिली पडलं? पहिल्या थेंबांतच शुक्राणू सगळ्यात दाट असतात. ते बाहेर सांडले तर व्हॉल्यूम आणि काउंट दोन्ही एकदम पडतात. लॅबच्या संडासात, बाहेर कुणीतरी दार वाजवत असताना दिलेल्या सॅम्पलचं हे हमखास होतं, आणि लाजेपोटी कुणी सांगत नाही.

म्हणून तपासणी पुन्हा, आणि नीट. आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन नको. दोन्ही वेळा अंतर सारखं ठेवा, ३ दिवस तर ३ दिवस. डबी रुंद तोंडाची, लॅबनेच दिलेली. थुंकी, तेल, साबण, साधा कंडोम काही चालत नाही. घरी घेतलं तर अर्ध्या-पाऊण तासात, शर्टाच्या आत अंगाशी धरून पोहोचवा. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. काही सांडलं तर तसं लिहून द्या. गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड किंवा नुसता जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा: शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस, पुढचा प्रवास धरून तीन महिने लागतात, त्यामुळे जुलैतल्या तापाचा हिशेब ऑक्टोबरच्या रिपोर्टापर्यंत दिसू शकतो. लॅब निवडताना सॅम्पल मिळाल्याची आणि तपासल्याची वेळ छापतात का ते पाहा. हालचाल तासाभराच्या आत मोजायची असते. वेळच नसेल तर त्या २५ टक्क्यांना अर्थ नाही. काउंट ६०, हालचाल ६०, नॉर्मल ६० असे गोलगरगरीत आकडे दिसले तर मोजलेलं नाही, अंदाजाने लिहिलंय असं समजा.

सांडलं नव्हतं आणि व्हॉल्यूम पुन्हा कमीच आलं, तर वीर्यपतनानंतरची लघवी तपासतात. वीर्य उलटं मूत्राशयात जातंय का ते त्यात कळतं. जुन्या मधुमेहात आणि टॅम्सुलोसिनसारख्या प्रोस्टेटच्या गोळ्यांनी असं होतं.

पस सेल्सवर १४ दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर थांबा. साध्या स्लाइडवर पांढरी पेशी आणि अर्धवट वाढलेली शुक्राणूपेशी दोन्ही गोलच दिसतात. पेरॉक्सिडेज रंग टाकून मिलीत १० लाखांपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी निघाल्या तर त्याला अर्थ आहे. जळजळ, दुखणं, ताप नसताना नुसत्या '१०-१२' वर गोळ्या खाणं म्हणजे अंधारात दगड.

आता व्हेरिकोसील. डाव्या वृषणाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून हे बहुतेक डावीकडेच होतं. महत्त्वाचं हे की सोनोग्राफीवाल्यांची ग्रेड आणि हाताने ठरवलेली ग्रेड एक नव्हे. डॉक्टर उबदार खोलीत उभं करून तपासतात: जोर केल्यावरच शिरा हाताला लागल्या तर ग्रेड १, जोर न करता लागल्या तर २, नुसत्या डोळ्यांनी दिसल्या तर ३. फक्त डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दिसणाऱ्या आणि हाताला न लागणाऱ्या व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून फायदा होत नाही, ते करूही नये. हाताला लागतंय, रिपोर्ट दोन्ही वेळा खराब आहे आणि पत्नीचं वय २८ आहे, तर ऑपरेशनला जागा आहे. मग मायक्रोस्कोपखालचंच मागा. त्यात धमनी आणि लसिकावाहिन्या वाचवता येतात; लसिका बांधल्या गेल्या की पुढे वृषणाभोवती पाणी भरतं. सर्जनला सरळ विचारा, मायक्रोस्कोप वापरता की नुसता चष्म्याचा लूप? निकाल ३ ते ६ महिन्यांनी मोजतात. पत्नी ३७ ची असती तर मी हे सहा महिने घालवायला सांगितलं नसतं.

त्याच तपासणीत वृषणांचा आकार मण्यांच्या माळेशी ताडून पाहतात आणि शुक्रवाहिनी दोरीसारखी हाताला लागते का ते बघतात. ती जन्मतःच नसणारे लोक असतात, आणि हे सोनोग्राफीपेक्षा दोन बोटांना आधी कळतं. सोबत सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, शिवाय एफएसएच, एलएच (मेंदूतून वृषणांना काम सांगणारी संप्रेरकं) आणि प्रोलॅक्टिन या रक्ततपासण्या. एफएसएच चढलेलं आणि वृषण लहान असतील तर अडचण कारखान्यातच आहे. काउंट ५ मिलियनच्या खाली गेला तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राचे बारीक तुकडे गळालेत का हे पाहणारी मायक्रोडिलीशन तपासणी लागते. तुम्ही ८ वर आहात, म्हणून आज ती नको.

टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर त्याचं इंजेक्शन घेऊ नका. जिममधल्या 'कोर्स'चंही तेच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू एलएच-एफएसएच सोडणं बंद करतो आणि काउंट शून्यावरही येतो. बंद केल्यावर परत यायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. मूल हवं असणाऱ्या माणसाला 'ताकदीसाठी' हे इंजेक्शन टोचणं हा मी पाहिलेल्या चिठ्ठ्यांमधला सगळ्यात महागडा घोटाळा. झिंक आणि फॉलिक ॲसिडवर अमेरिकेत दोन हजारांहून जास्त जोडप्यांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये निकाल आला: ना रिपोर्ट सुधारला, ना मुलं वाढली. महिन्याला दोन-तीन हजारांच्या कॅप्सूल घेण्यापेक्षा गुटखा-सिगारेट सोडा आणि मांडीवरचा लॅपटॉप टेबलावर ठेवा. वृषण शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंडच लागतात.

ताठरतेचं बघू. सकाळी जाग येताना ताठरता असते का? एकटे असताना येते का? दोन्हीला हो असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या शाबूत आहेत. ॲपमधल्या तारखेचं ओझं झालंय. तारीख सोडा, पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा. थुंकी किंवा तेल वंगण म्हणून वापरू नका, शुक्राणूंची हालचाल मंदावू शकते. उत्तर नाही असेल तर साखर, बीपी, लिपिड आधी: लिंगाच्या धमन्या १-२ मिलीमीटरच्या आणि हृदयाच्या ३-४ च्या, त्यामुळे चोंदणं तिथे आधी कळतं. डॉक्टरांनी सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) ५० मिग्रॅ दिली तर ती संबंधाच्या तासभर आधी, हलक्या पोटी. बिर्याणी हाणून वर गोळी घ्यायची आणि नुसतं पडून वाट बघायची, मग 'गोळी लागू पडली नाही' म्हणायचं, हे फार होतं. उत्तेजना नसेल तर ती काही करत नाही. पाच-सहा प्रयत्नांनंतर निर्णय घ्या. तुम्हाला सॉर्बिट्रेट (हृदयविकारात छातीत दुखण्यावर देतात ती नायट्रेट गोळी) सुरू असेल तर सिल्डेनाफिल अजिबात नाही. रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. ताठरता चार तासांवर टिकली तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

४० हजारांचा कोर्स सोडून द्या. नपुंसकत्वावर इलाजाची जाहिरात करणं १९५४ च्या जादूई उपचार कायद्याने गुन्हा आहे, तरी एसटी स्टँडच्या भिंती त्यांनीच रंगलेल्या. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणजे गुण आला तरी तो पुडीचा नव्हे, आणि हृदयरोग्याला त्यात धोका आहे.

जायचं कुणाकडे? एमएसनंतर एमसीएच किंवा डीएनबी युरॉलॉजी केलेला, आणि त्यातही वंध्यत्वाचं काम करणारा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर पडताळता येते. मुंबईत केईएमला लैंगिक आरोग्याचा वेगळा विभाग आहे. परळलाच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. आयव्हीएफ केंद्र गाठायचंच झालं तर २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदणी आहे का ते पाहा, आणि शुक्राणू धुतल्यानंतर हलणारे किती उरतात हा आकडा मागा. ५ मिलियनच्या वर असेल तर आधी आययूआयचं (धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचं) विचारा.

पहिल्या भेटीला दोन्ही रिपोर्ट, पत्नी आणि सध्या खात असलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट सोबत घेऊन जा. केस गळतीची फिनास्टराइडसुद्धा. ती लोक औषधात धरत नाहीत, पण काहींचा काउंट तीही पाडते.