चोचीत काय आहे ते बघ

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आकड्यांची यादी मिळाली. मालवणपासून आचऱ्यापर्यंत हिवाळाभर कुरव (गल) आणि सुरय (टर्न) मोजलेस, चिकाटी आहे तुझ्यात. पण त्यावरून ‘मासळी घटली म्हणून समुद्रपक्षी घटले’ असं लिहून मोकळी झालीस, तिथे मी तुला अडवणार आहे. कदाचित तुझं म्हणणं खरंही असेल. तुझी यादी मात्र ते सिद्ध करत नाही.

यादीत निम्म्याहून जास्त कुरव आहेत, म्हणजे पाहुणे. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट आणि मध्य आशियातल्या तलावांकाठी पिल्लं काढतो, ह्यूग्लिनचा कुरव तर थेट सायबेरियाहून येतो. एखाद्या वर्षी ते कमी दिसले तर बिघाड तिकडचाही असू शकतो. शिवाय कुरवाला पोटासाठी काहीही चालतं. ट्रॉलरवरून फेकलेली कुटी म्हणजे बारीक टाकाऊ मासळी, जेटीवरची आतडी, आणि हल्ली पर्यटक लाँचमधून उधळतात ते गाठी-फरसाण. (त्याबद्दलचं माझं मत लिहीत नाही, पत्र तुझ्या घरी सगळे वाचतात.) म्हणून बंदरात कुरवांची गर्दी वाढली की मासळी सुधारली असं धरू नकोस. टाकाऊ माल जास्त येतोय, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

सुरयाचं तसं नाही. तो बहुतेक जिवंत मासाच धरतो, आणि सूर मारला तरी वरच्या हात-दोन हात पाण्यातलाच. त्याखालची मासळी कितीही असो, त्याच्या कामाची नाही. बाहेरच्या पाण्यात ती वर आणतात गेदरासारखे (ट्यूना) मोठे मासे. ते खालून पेडव्यांसारख्या छोट्या मासळीचा थवा रेटतात आणि वरून सुरय तुटून पडतात. आपले मच्छीमार ‘खय पाखरां पडतत, थय मासळी आसा’ म्हणतात ते यावरूनच. आता विचार कर, गेदरच कमी झाला तर? पेडवे समुद्रात असतील, लिलावातही दिसतील, आणि सुरय उपाशी राहील. मत्स्योत्पादनाच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही. तुझ्या अभ्यासाचा गाभा मला विचारशील तर इथे आहे.

कारणांच्या बाबतीतही घाई नको. पर्ससीनवर, म्हणजे थवाच्या थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, तुझा राग आहे. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराच्या घरातली पोर तू, तो असायचाच. 5 फेब्रुवारी 2016च्या शासन आदेशाने पर्ससीनवर बंधनं आणली ती काही उगाच नाही. पण तारलीचा इतिहास वाच. केरळात 2012 साली जवळपास 4 लाख टन तारली उतरली, 2021 साली जेमतेम 3,300 टन. हे ऐकून तू लगेच जाळ्यांकडे बोट दाखवशील. मग 1940च्या दशकात काय झालं होतं? तेव्हा पर्ससीन नव्हती, तरी मलबारात तारली इतकी आटली की 1943 साली मद्रास सरकारला मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. हा मासा पावसाळ्यात खालून वर येणाऱ्या थंड, सकस पाण्यावर वाढतो. ते पाणी चुकलं, समुद्र तापला की तो हलतो किंवा कोसळतो. पडत्या काळात वरून उपसा चालूच राहिला तर तो लवकर सावरत नाही. समुद्र आणि जाळी, दोघांचाही हात त्यात आहे, तू एकाचंच नाव घेऊ नकोस.

2011 सालचा एक मोठा अभ्यास तू वाचलायस, पक्ष्यांच्या 14 जाती आणि जगातल्या 7 सागरी प्रदेशांचा. छोट्या मासळीचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की पिल्लं कमी जगतात, असं त्यात निघालं. चांगलं काम आहे. पण त्या सातांत हिंदी महासागर नाही, तेव्हा तो आकडा मालवणच्या पाण्याला जसाच्या तसा लावू नकोस. त्यातला ‘पिल्लं’ हा शब्द मात्र पकड. मोठा तुरेवाला सुरय बहुधा एकच अंडं घालतो आणि वीस-वीस वर्षं जगतो. त्यामुळे सलग काही वर्षं एकही पिल्लू वाचलं नाही तरी किनाऱ्यावरची मोजणी तशीच भरलेली दिसते. घट कळते तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून मुंड्या मोजणं कमी कर आणि चोचीत काय आहे ते बघ. विणीनंतर या सुरयांची पिल्लं कित्येक महिने आई-बापाच्या मागे असतात. वाळूवर थवा बसला की शोध: मळकट पाठीचं, अंग चोरून, मान आखडून किरकिरत मागे फिरणारं ते पिल्लू. किती प्रौढांमागे असं एक पिल्लू, हे लिहून ठेव. मग मोठा पक्षी मासा आडवा धरून येतो. पिल्लाने गिळण्याआधी क्षणभर वेळ मिळतो, तेवढ्यात फोटो काढ. मोठ्या तुरेवाल्याची चोच साधारण 6 सेंमी, तीच मासा मोजायची तुझी पट्टी. पेडवा आहे की मोतयाळं, की नुसतीच काटेरी निरुपयोगी मासळी, हे ओळखायला पुस्तकापेक्षा तुझी आजी बरी.

पावसाळ्यात वादळाने किनाऱ्यावर फेकलेले बूबी, नॉडी, वादळपाखरं असे भर समुद्रातले पक्षी सापडतील. लोक त्यांना परत लाटेत सोडतात, ते करू देऊ नकोस. छातीच्या मधल्या हाडावरून हलकेच बोट फिरव. ते धारदार लागलं, बाजूचं मांस बसलेलं असलं, तर पक्षी बरेच दिवस उपाशी आहे. नोंद कर आणि वनखात्याला फोन लाव.

निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर जायचा तुझा हट्ट कळतो. 1875 साली ए. ओ. ह्यूम (तोच, पुढे काँग्रेसच्या स्थापनेतला) तिथे गेला होता, त्यामुळे सुरयांच्या त्या वसाहतीबद्दल जुनं लिखाण वाचायला मिळेल. गुहेतल्या पाकोळ्यांच्या नादी लागू नकोस, त्या किडे खातात, तुझ्या विषयात बसत नाहीत. आणि विणीच्या दिवसांत बेटावर उतरायचं नाही, परवानगी मिळाली तरी. पक्षी उठला की अंडं तापलेल्या कातळावर उघडं पडतं. होडीतून, लांबून, दुर्बिणीने बघ. चोचीत मासा घेऊन बेटाकडे येणारे सुरय कुठल्या दिशेने येतात तेवढं तासाभरात टिपलंस तरी पुढच्या पत्रात बोलायला पुष्कळ आहे.

तुझा,
काका